रेलिक गिटार आणि बास : झीज बघू नका, नेक बघा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही बडोद्यात नोकरी सांभाळून एका गरबा ऑर्केस्ट्रात वाजवता, कधी बास, कधी गिटार. नवरात्राच्या आधी दोन वाद्यं बघायला जाणार आहात : साठच्या दशकाच्या धर्तीची, कारखान्यातच झिजवलेली, म्हणजे 'रेलिक', स्ट्रॅटोकास्टर गिटार आणि तसाच एक जॅझ बास. विकणारा म्हणतो, "आवाज अगदी जुन्या गिटारचा आहे, लाकूड मोकळं झालंय." तुमच्या हातात तासभर आहे. या झिजेने आवाजात फरक पडतो का, तासाभरात काय तपासावं, आणि आपल्या हवेत नऊ रात्री हे टिकेल का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

मुळातला घोळ असा की रेलिक म्हणून एकाच किमतीत दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक म्हणजे वरची झीज : उडालेलं रोगण, गंजलेले स्क्रू, पिवळट प्लास्टिक. दुसरी म्हणजे जुनी मापं : नेकवर (डाव्या हाताने धरायच्या दांडीवर) जास्त गोलाई असलेला फिंगरबोर्ड (बोटं दाबायची पट्टी), अरुंद फ्रेट (त्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), बॉडीच्या बाजूने फिरवायचा ट्रस रॉड (नेकचा बाक काढणारी आतली सळई), त्या काळच्या धर्तीचे पिकअप (तारांचं कंपन पकडणारे चुंबक-कॉइल). दुकानात डोळा पहिलीवर जातो. घरी आणल्यावर हाताला सुख किंवा त्रास देते ती दुसरी. तुमच्या प्रश्नात झिजेबद्दल चार ओळी आहेत आणि मापांबद्दल एकही नाही, म्हणून मी जास्त मापांवरच लिहितो.

काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत, त्या मला इथून ठरवता येणार नाहीत. तुम्ही मोठे बेंड (तार बाजूला ढकलून सूर चढवणं) किती घेता, तारा कुठल्या जाडीच्या लावता, हाताला घाम किती येतो आणि घरात स्क्रूड्रायव्हर घेऊन बसायची तयारी आहे का, यावर उत्तर बदलतं. गरब्यात गिटारचं काम बहुतेक ताल धरण्याचं आणि छोट्या सुरावटींचं असतं. तुमचं तसंच असेल तर पुढच्या काही इशाऱ्यांचं वजन निम्मं धरा.

आता झीज. ही दोन्ही वाद्यं मुळात ज्या कंपनीची, त्या फेंडरच्या कस्टम शॉपने १९९५ मध्ये रेलिक मालिका आणली, आणि पहिली काही वर्षं ते झिजवण्याचं काम विन्स क्युनेटो करत असत. पुढे त्याच्या पायऱ्या ठरल्या. एन.ओ.एस. म्हणजे जुन्या मापाची पण कोरी. क्लोजेट क्लासिक म्हणजे वर्षानुवर्षं कपाटात राहिल्यासारखी. मग जर्नीमन, रेलिक, हेवी रेलिक अशी झीज वाढत जाते. २००९ मध्ये मेक्सिकोत बनलेली रोड वॉर्न मालिका आली आणि हा प्रकार सामान्य वादकाच्या आवाक्यात आला. गिब्सनने २०२१ मध्ये टॉम मर्फी यांच्या नावाने मर्फी लॅब सुरू केली, तिथेही अल्ट्रा लाइटपासून अल्ट्रा हेवीपर्यंत पायऱ्या आहेत. त्यामुळे नुसतं "रेलिक आहे" हे ऐकून काही कळत नाही. कुठली मालिका, कुठली पायरी आणि कुठला देश, हे तिन्ही विचारा. कस्टम शॉपच्या गिटारसोबत प्रमाणपत्र येतं. ते नसेल तर किंमत त्या हिशोबाने बोला.

हे करतात कसं, तेही समजून घ्या, कारण बिघाड तिथूनच सुरू होतात. नायट्रोसेल्युलोज (थोडक्यात नायट्रो) रोगणाचा पातळ थर देतात. तो ठरावीक ठिकाणी घासतात, ठोकतात. बारीक तडे हवे असतील तर बॉडी तापवून एकदम थंड करतात. लाकूड आणि रोगण वेगवेगळ्या मापाने आकसतात, म्हणून रोगण तडकतं. धातूचे भाग आम्लाच्या वाफेत ठेवून काळपट करतात. म्हणजे रोगणाचं काम बव्हंशी वरवरचं असतं. धातूचं काम मात्र पुढेही चालू राहू शकतं, त्याकडे नंतर येतो.

आवाजाचं उत्तर सरळ आहे. ॲम्पमधून (ॲम्प्लिफायरमधून) ऐकताना रोगण उडाल्यामुळे पडलेला फरक कानाला वेगळा काढता येत नाही. भरीव बॉडीच्या गिटारीत आवाज ठरतो पिकअप, त्यांची तारेपासूनची उंची, तारा, नट (नेकच्या वरच्या टोकाची, तारा बसतात ती खाचांची पट्टी), फ्रेट आणि वादकाच्या बोटांनी. "नायट्रोमुळे लाकूड श्वास घेतं" हे वाक्य तुम्हाला ऐकवलं जाईल. साठच्या दशकात फेंडर स्वतःच नायट्रोच्या खाली लाकडाची छिद्रं बुजवणारा कडक सीलर देत होती, हे त्यावर पुरेसं उत्तर आहे. विकणाऱ्याचा आवाजाबद्दलचा दावा पूर्ण खोटा नसेलही, पण त्याचं श्रेय जुन्या धर्तीच्या पिकअपना जातं. तसे पिकअप कोऱ्या चकचकीत गिटारीतही मिळतात.

झिजेचा एक फायदा मात्र खरा आहे, आणि तो नेकच्या पाठीवर आहे. चकचकीत नायट्रोचा नेक आपल्याकडच्या भाद्रपद-आश्विनातल्या दमट हवेत घामाने चिकटतो, अंगठा अडखळतो. रेलिकमध्ये पहिल्या ते सातव्या-आठव्या फ्रेटपर्यंत पाठीवरचं रोगण काढलेलं असतं, तिथे लाकूड हाताला कोरडं आणि गुळगुळीत लागतं. साडेतीन तास उभ्याने एकाच ठेक्यात बास वाजवणाऱ्याला हा फरक पहिल्या रात्रीच कळतो. दुसरी चांगली गोष्ट म्हणजे फिंगरबोर्डच्या कडा. चांगल्या कामात त्या हाताने गोल केलेल्या असतात, तर्जनीचं मूळ आणि तळवा जिथे घासतो तिथे. डोळे मिटून नेक मुठीत धरा आणि हात पहिल्या फ्रेटपासून बाराव्यापर्यंत सरकवा. कड कुठे टोचली, रोगण संपून लाकूड सुरू होतं तिथे पायरी लागली, तर झिजवणाऱ्याने डोळ्यांसाठी काम केलंय, हातासाठी नाही. अशी नेकची पायरी नंतर घासून काढता येते, पण वरच्या किमतीत ते काम आपण का करायचं?

या उघड्या लाकडाची दुसरी बाजूही आहे. रोगण गेलेलं मेपल घाम पितं, काळं पडतं आणि हवेतला दमटपणा लवकर घेतं-सोडतं. म्हणून झिजवलेला नेक ऋतूप्रमाणे थोडा जास्त हलतो. त्यात जुन्या मापाचा ट्रस रॉड असला की कामात काम वाढतं.

ट्रस रॉडबद्दल सविस्तर सांगतो, कारण विकत घेताना हे कोणीच दाखवत नाही. आजच्या गिटारीत ॲलन की हेडस्टॉककडून (नेकच्या खुंट्या असलेल्या टोकाकडून) घालून अर्ध्या मिनिटात नेक सरळ करता येतो. साठच्या धर्तीच्या नेकमध्ये रॉडचा नट बॉडीच्या बाजूला, पिकगार्डच्या आड लपलेला असतो. तो फिरवायचा तर तारा सैल करा, मागचे चार स्क्रू काढा, नेक उचला, मोठ्या स्क्रूड्रायव्हरने पाव वळसा द्या, नेक पुन्हा बसवा, तारा चढवा आणि मोजा. चुकलं तर पुन्हा तेच. ते चार स्क्रू लाकडात बसणारे आहेत, इलेक्ट्रिक ड्रिल लावू नका. स्क्रू परत लावताना आधी उलटा फिरवा. मूळच्या आट्यात बसल्याचा बारीक 'टक' जाणवतो, मग सुलटा आवळा. स्क्रूवर मेणबत्तीचं थोडं मेण चोळलंत तर लाकूड चिरत नाही. शिवाय हा रॉड एकाच दिशेने काम करतो. तारांच्या ओढीने आलेला पुढचा बाक तो काढतो. रॉडचा नट पूर्ण सैल असूनही नेक मागे झुकलेला असेल तर त्यावर घरगुती उपाय नाही.

म्हणून दुकानात पहिली तपासणी बाकाची करा. गिटार तुमच्या सुरात लावून घ्या. सहावी (सगळ्यात जाड) तार पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा, तार आपोआप सरळ पट्टीचं काम करते. आठव्या फ्रेटवर तारेखाली किती फट आहे ते बघा. या गोलाईच्या गिटारला फेंडरचं माप सुमारे ०.३० मिमी आहे, बासला ०.३५. फीलर गेज (फट मोजायच्या पात्या) नसेल तर ०.०१० इंची पहिल्या तारेचा तुकडा खिशात ठेवा, तो ०.२५ मिमी जाडीचा असतो. तो हलकेच जाऊन थोडी जागा उरली तर ठीक. फट अर्ध्या मिलिमीटरच्या वर असेल किंवा अजिबात नसेल, तर तिथेच सांगा की माझ्यासमोर नेक काढून ॲडजस्ट करून द्या. हे केल्याने रॉड चालतो की जाम आहे तेही कळतं. विकणारा टाळाटाळ करू लागला तर गिटार परत स्टँडवर ठेवा.

आता गोलाई. साठच्या धर्तीच्या फिंगरबोर्डची त्रिज्या ७.२५ इंच, म्हणजे १८४ मिमी. आधुनिक गिटारी ९.५ ते १२ इंचांच्या असतात. आकड्याने चित्र डोळ्यासमोर येत नाही, म्हणून असं बघा : बाराव्या फ्रेटवर बोर्ड साधारण ५२ मिमी रुंद असतो. १२ इंचाच्या बोर्डवर कडेपासून मध्यापर्यंतचा चढ १.१ मिमी भरतो, ७.२५ वर तोच चढ १.८ मिमी. पहिली (सगळ्यात बारीक) तार कडेला आहे. तुम्ही बेंड घेताना तिला मध्याकडे ढकलता, म्हणजे चढावर नेता. तार खाली ठेवलेली असेल तर ती पुढच्या एखाद्या फ्रेटच्या डोक्याला टेकते आणि सूर मध्येच मरतो. याला फ्रेट खराब असणं म्हणत नाहीत. तो भूमितीचा परिणाम आहे.

तपासायचं असं. पहिली तार बाराव्या, पंधराव्या आणि सतराव्या फ्रेटवर पूर्ण एक स्वर बेंड करा आणि धरून ठेवा. सूर पाच सेकंद टिकला पाहिजे. मग सतराव्या फ्रेटवर तारेची उंची मोजा. फेंडरचं माप आहे सहाव्या तारेखाली २ मिमी आणि पहिलीखाली १.६ मिमी. या उंचीवर सूर मरत असेल तर पहिली बाजू २ मिमीपर्यंत चढवून पुन्हा बेंड करून बघा. तरीही मरत असेल तर वरचे फ्रेट समतल करावे लागतील, तो खर्च किमतीतून वजा करा. आणि उंची १.२ मिमी ठेवून लांब बेंड घ्यायची तुमची सवय असेल तर ही गिटार तुमची नाही, झीज कितीही देखणी असो. उलट बॅरे कॉर्ड आणि तालाचं काम करणाऱ्याला हीच गोलाई फार सोयीची पडते, तर्जनी नैसर्गिक वळणात बसते. गरब्यातली गिटार बहुतेक वेळ हेच काम करते.

अरुंद जुने फ्रेट उंचीला कमी असतात. त्यांची एक अडचण अशी की एकदा घासून समतल केले की दुसऱ्यांदा घासायला फारसा धातू उरत नाही. रेलिकमध्ये बोर्ड झिजलेला दिसतो, फ्रेट मात्र नवे असतात. वादकाच्या दृष्टीने ते चांगलंच. वापरलेली रेलिक घेत असाल तर मात्र खरी झीज आणि खोटी झीज वेगळी ओळखावी लागते. पहिल्या तीन फ्रेटवर, तारांच्या बरोबर खाली, धातूत खळगे पडलेत का हे मोबाइलचा दिवा तिरका धरून बघा. कारखाना तिथे खळगे पाडत नाही. दिसले तर ते आधीच्या मालकाचे.

झिजेची खरी वाट कशी असते हे पाहायचं असेल तर गिटारवादक रोरी गॅलाघरच्या १९६१ च्या स्ट्रॅटचे (स्ट्रॅटोकास्टरचे) फोटो बघा. उजवा कोपर जिथे टेकतो तो वरचा उभार, पिकने घासलेली पिकगार्डखालची पट्टी, पाठीवर पट्ट्याच्या बकलाची खरवड, मेपल बोर्ड असेल तर तारांच्या मधले काळे डाग. स्वस्त कामात एकाच मॉडेलच्या दोन गिटारी शेजारी ठेवल्या तर ओरखड्यांचा नकाशा जवळपास सारखा निघतो. त्याने वाजवण्यात काही बिघडत नाही. फक्त "प्रत्येक नग हाताने वेगळा घडवलाय" असं म्हणत किंमत लावली असेल तर ही गोष्ट बोलून दाखवा.

आता बास. त्यात स्ट्रॅटपेक्षा सापळे कमी आहेत, पण एक मोठा आहे. या जातीच्या बासवर 'जी' (G, सगळ्यात बारीक) तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास अनेकदा एखादा मेलेला स्वर सापडतो. नेक स्वतःच त्या कंपनावर थरथरतो आणि तारेची ऊर्जा खाऊन टाकतो. ॲम्प न लावता जी तारेचे चौथ्यापासून नवव्या फ्रेटपर्यंतचे स्वर एक-एक करून वाजवा आणि प्रत्येक स्वर विरेपर्यंत ऐका. एखादा शेजाऱ्यांच्या निम्म्या वेळात विझला तर तो मेलेला. हेडस्टॉकला वजनाची क्लिप लावून तो थोडा इकडेतिकडे सरकतो, पण जात नाही. थोडासा चालतो. मात्र गरब्यातल्या तुमच्या नेहमीच्या पट्टीचा मूळ स्वर नेमका तिथे पडत असेल तर तो बास सोडा. म्हणून जाण्यापूर्वी तुमच्या गायकांच्या पट्ट्या लिहून न्या.

जॅझ बासचा नेक नटपाशी ३८ मिमी असतो, फेंडरच्याच प्रिसिजन बासचा त्याहून रुंद. बोटं जाड असतील तर आधी हाताला विचारा. सतराव्या फ्रेटवर ई तारेखाली २.८ आणि जी तारेखाली २.४ मिमी हे सुरुवातीचं माप धरा. सत्तरच्या दशकाच्या धर्तीत मागचा पिकअप ब्रिजच्या (बॉडीवर तारा बसतात त्या भागाच्या) आणखी जवळ असतो, त्यामुळे आवाज जास्त टणक आणि नाकातला येतो. ढोल आणि ऑक्टोपॅडच्या गर्दीत पिकअपची साठच्या दशकातली जागा मला जास्त उपयोगी वाटते, तळ भरलेला राहतो. जुन्या धर्तीच्या काही बासचे ट्यूनर उलट्या दिशेने फिरतात, तेही आधीच बघा. स्टेजवर घाईत सूर लावताना तार चढवायच्या ऐवजी उतरते. ब्रिजची सॅडल (तारा टेकतात ते तुकडे) आट्यांच्या सळईची असतील तर जोरात तार छेडून बघा, तार बाजूच्या आट्यात सरकता कामा नये. आणि वजन करा. सामान तोलायचा हाताचा काटा बॅगेत ठेवा. चार किलोपर्यंत छान, साडेचारच्या वर गेला तर आठव्या रात्री खांदा तक्रार करतो. झिजवल्याने वजन कमी होत नाही.

विजेचा भाग आता. तुमच्या कामात तो नेकइतकाच मोठा आहे. गरब्याच्या मैदानात जनरेटर, एलईडी भिंती आणि दिव्यांचे डिमर असतात. सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचे) पिकअप या सगळ्यांची गुणगुण पकडतात. आजच्या बहुतेक स्ट्रॅटमध्ये मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असतो, त्यामुळे पिकअप निवडायच्या स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागी गुणगुण जवळजवळ नाहीशी होते. जुन्या मापाला काटेकोर राहिलेल्या गिटारीत ती सोय नसते, काहींत तर तीनच जागांचा स्विच असतो. फेंडरने पाच जागांचा स्विच १९७७ मध्ये दिला. ॲम्प थोडा मोठा करा, गिटार हातात स्थिर धरा आणि स्विच फिरवत गुणगुण ऐका. दोन आणि चारला ती उतरली नाही, तर नऊ रात्री ती तुमच्या सोबत असणार. जॅझ बासचं गणित वेगळं आहे. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असताना दोन पिकअप एकमेकांची गुणगुण मारतात. एक नॉब जरा कमी केला की ती परत येते. हा दोष नाही, स्वभाव आहे. दोन्ही पूर्ण ठेवून टोन नॉबने काम भागवायची सवय लावा.

तारांना हात लावला की गुणगुण कमी व्हायला हवी. झाली नाही, तर बासमध्ये ब्रिजखालची अर्थिंगची वायर नीट टेकलेली नाही. झिजवलेल्या ब्रिजच्या तळाला गंज किंवा रोगण असल्याने असं होतं. ब्रिज उचलून तेवढी जागा घासली की भागतं, दहा मिनिटांचं काम. पॉट (नॉबखालचा फिरता विजेचा भाग) फिरवताना खरखर आली तर "विंटेज आहे" हे उत्तर मान्य करू नका. कारखाना पॉट जुनवत नाही, खरखर म्हणजे धूळ किंवा बिघाड. ॲम्प मोठा ठेवून पेन्सिलीच्या टोकाने पिकअपवर हलकेच टकटक करा. माइकसारखा स्पष्ट आवाज आला तर कॉइलमध्ये मेण कमी आहे. दिवाणखान्यात असा पिकअप मधुर वाटतो, मॉनिटरसमोर उभं राहिलं की तोच किंचाळतो.

पिकअपची उंची हमखास चुकलेली असते. जास्त आवाज यावा म्हणून ते वर चढवलेले असतात आणि लोहचुंबक तारांना ओढतात. सहाव्या तारेवर बाराव्या फ्रेटच्या पुढे सूर दुहेरी, डगमगता ऐकू आला तर गिटारला दोष देण्याआधी पिकअप खाली करा. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून, तार आणि खांब यांत जाड बाजूला २.४ आणि बारीक बाजूला २ मिमी अंतर ठेवा. जुन्या धर्तीच्या पिकअपचे खांब कमीजास्त उंचीचे असतात. ते त्या काळच्या गुंडाळलेल्या 'जी' (तिसऱ्या) तारेसाठी आहेत. आजची साधी जी तार लावली की ती बाकीच्यांपेक्षा मोठ्याने बोलते. ते खांब ठोकून खाली करू नका, कॉइल तुटते. सवयीने हात सांभाळा किंवा समान खांबांचा पिकअप घाला.

धातूचं राहिलं होतं. आम्लाचा अंश नीट धुतला गेला नसेल तर सॅडलचे स्क्रू आतून गंजत राहतात, आणि आपल्या पावसाळी हवेत वेग वाढतो. म्हणून प्रत्येक सॅडलचा उंचीचा स्क्रू पाव वळसा फिरवून परत आणा. स्ट्रॅटसाठी ०.०५० इंच आणि १.५ मिमी, बाससाठी १/१६ इंच आणि १.५ मिमी, अशा ॲलन की न्या. बरोबर बसेल तीच वापरा, सैल कीने खाच गोल होते आणि मग स्क्रू काढायलाच कारागीर लागतो. एकही स्क्रू जाम असेल तर नवं सॅडल देण्याची अट घाला. ट्रेमोलो (आर्म दाबून सूर हलवणारा ब्रिज) असेल तर पुढचे सहा स्क्रू सारखे आवळलेले नसावेत. बाहेरचे दोन भार घेतात, मधले चार किंचित सैल बरे. आर्म पूर्ण दाबून सोडा आणि सूर तपासा. सूर चढा राहिला आणि नटमधून 'टिंग' आवाज आला, तर तार खाचेत अडकते आहे. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासून पुन्हा बघा.

एका तासाचा क्रम मी असा धरतो : पहिली वीस मिनिटं ॲम्पशिवाय, डोळे मिटून, नुसता नेक आणि फ्रेट. पुढची पंधरा मिनिटं मोजमाप आणि स्क्रू. मग ॲम्प. झीज सगळ्यात शेवटी बघायची, तीही पाठीमागून सुरुवात करून, म्हणजे नजर आधी मोहात पडत नाही.

आपल्या हवेबद्दल. बडोद्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर आणि हवा कोरडी, पुढे चार महिने ओल. पावसाळ्यात घेतलेल्या गिटारच्या फ्रेटची टोकं उन्हाळ्यात बाहेर येऊन हाताला टोचतात, कारण बोर्ड आकसतो आणि धातू तसाच राहतो. हे रेलिकचं वैगुण्य नाही, सगळ्यांनाच होतं, आणि बारीक कानशीने निघतं. उघड्या लाकडाच्या नेकसाठी वर्षातून दोनदा, मे अखेरीस आणि नवरात्राच्या दहा दिवस आधी, बाक मोजा. केसमध्ये सिलिका जेलची पाकिटं पावसाळ्यात ठेवा, उन्हाळ्यात काढा. गाडीच्या डिकीत दुपारी कधीच ठेवू नका.

नायट्रोचे शत्रू बडोद्याच्या मैदानात भरपूर आहेत. डीट असलेलं डासांचं मलम या रोगणाला आणि प्लास्टिकला विरघळवतं. ते लावलेला कोपर बॉडीच्या कडेवर तासभर टेकला की रोगण मऊ पडून त्यात कापडाची वीण उमटते. अल्कोहोल असलेलं सॅनिटायझर आणि अत्तर यांचंही तसंच. हात साबणाने धुऊन, कोरडे करून मगच वाद्य उचला, आणि मलम लावायचंच तर पायांना लावा. स्टँडच्या रबरानेही नायट्रोवर कायमचा डाग पडतो, म्हणून रबरावर सुती कापड गुंडाळा. कार्यक्रमानंतर तारा, ब्रिज आणि नेकची पाठ कोरड्या सुती कापडाने पुसा. "आधीच झिजलेली आहे, काय फरक पडतो" असं म्हणून लोक हेच टाळतात, आणि मग सॅडल दोन पावसाळ्यांत गंजून जाम होतात.

फसवणुकीबद्दल थोडं, कारण विकणाऱ्याच्या "जुन्या गिटारचा" या शब्दाने मला खटकलं. रेलिक ही खरी जुनी गिटार म्हणून खपवली जात असेल तर पिकगार्ड उघडायला सांगा. पॉटच्या पाठीवर कोड असतो. १३७ ने सुरू झाला तर तो सीटीएस या कंपनीचा, पुढचे आकडे वर्ष आणि आठवडा सांगतात, उदाहरणार्थ १३७६६२५ म्हणजे १९६६ चा पंचविसावा आठवडा. पॉट अलीकडचा असेल तर एक तर तो बदललाय किंवा गिटारच अलीकडची आहे. दोन्ही चालतं, किंमत तशी लावलेली असली तर.

तुमच्या दोन वाद्यांत निवड करायची झाली तर मी बास आधी बघेन. गरब्यात बास सतत वाजतो, त्याला बेंडचा प्रश्न जवळजवळ येत नाही, झिजलेल्या नेकचा फायदा सगळ्यात जास्त त्यालाच मिळतो, आणि गर्दीच्या स्टेजवर नवा ओरखडा पडला तरी जीव हळहळत नाही. मध्यम झिजेचा घ्या. हेवीचे जादा पैसे फक्त दिसण्याचे असतात. स्ट्रॅटच्या बाबतीत, त्याच किमतीत जुन्या मापाची कोरी गिटार आणि वर चांगल्या कारागिराकडून फ्रेटचं काम व नवा नट एवढं बसत असेल, तर मी तिकडे वळेन. बास घेतलात तर नव्या तारा नवरात्राच्या चार-पाच दिवस आधी चढवा, म्हणजे त्या बसतात आणि बाक पुन्हा मोजायला वेळ उरतो. जुन्या तारा गुंडाळून केसमध्ये ठेवा. पाचव्या रात्री डी तार तुटली तर वाजून मुरलेली जुनी डी बाकीच्या तारांच्या आवाजात लगेच मिसळते.